पाखराचा खांदा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या सरांनी हयातभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. त्यांचे विद्यार्थी या सभागृहात बसले आहेत आणि सरांची एक सवय ते सगळेच सांगतात. फळ्यावर आकृती काढण्याआधी सर ती वस्तू मुलांच्या हातात द्यायचे. शेंग, शिंपला, माशाचा खवला, जे असेल ते. त्या सवयीला मान देऊन मी आज तळहातावर मावणारा विषय घेतला आहे. पक्ष्याच्या मानेच्या बुडाशी, छातीच्या ऐन पुढे असणारे हे एक दुबेळके हाड. सोबत आणले आहे ते कोंबडीचे आहे. उकळून, साफ करून, वाळवून ठेवलेले. मागच्या रांगांना ते इथून दिसणार नाही, म्हणून व्याख्यान संपल्यावर टेबलावर ठेवणार आहे. कोणीही हातात घ्यावे.

पाश्चात्त्य देशांत जेवण झाल्यावर दोघांनी या हाडाची एकेक फांदी धरून ओढायची, ज्याच्या हाती मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी होते, असा जुना खेळ आहे. त्यावरून त्याला विशबोन म्हणतात. शास्त्रातले नाव फर्क्युला. मराठीत सर्वांच्या तोंडी असलेला शब्द नाही, त्यामुळे मी विशबोन असेच म्हणणार आहे.

आपल्याकडे मांसाहारी घरांतही हे हाड अखंड पाहिलेला माणूस विरळा. त्याचे कारण अगदी साधे आहे. अंधेरी असो, घाटकोपर असो, चिकनच्या दुकानात आपण ‘करी कट’ मागतो. दुकानदार सत्तुराचा घाव छातीवर उभा घालतो आणि हे हाड तिथेच दुभंगते. रश्श्यात त्याचे दोन बारीक, वाकडे तुकडे येतात. ते ताटाच्या कडेला काढून ठेवले जातात. अखंड हवे असेल तर दुकानदाराला सांगा की छातीचा भाग हाडासकट, न तोडता द्या. घरी आणल्यावर मानेची बाजू आपल्याकडे करा आणि मांसाच्या पुढच्या कडेवरून बोट दाबून फिरवा. कातडीखाली लगेच एक कड लागते, मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे वर चढत जाणारी. त्या कडेच्या आतून आणि बाहेरून सुरी फिरवली, वरची दोन टोके सोडवली, की हाड हातात येते. खालचे टोक नीट पाहा. तिथे दोन्ही फांद्या एकजीव झालेल्या असतात आणि त्यांच्या संगमावर एक चपटी पाकळी असते. ही पाकळी छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला, अस्थिबंधाने जोडलेली असते. हाड ओलसर असताना वरची दोन टोके चिमटीत धरून हलकेच जवळ आणा आणि सोडा. ती परत लांब जातात. वाळल्यावर हा लवचीकपणा बराच कमी होतो, म्हणून ओले असतानाच करून पाहा. पुढे जे सांगायचे आहे, त्यातले पुष्कळसे या एका कृतीत आहे.

आता आपल्या स्वतःच्या शरीराकडे येऊ. गळ्याच्या खाली दोन्ही बाजूंना हात लावा. खांद्यापर्यंत जाणारी दोन आडवी हाडे लागतील. जुनी माणसे यांना हासळी म्हणतात. हासळीमुळे आपला खांदा छातीपासून बाजूला उभा राहतो आणि हात सर्व दिशांना फिरवता येतो. कुत्र्याला आणि घोड्याला ही हाडे कामापुरतीही उरलेली नाहीत. त्यांचे पुढचे पाय पुढे-मागे चालतात, बाजूला पसरता येत नाहीत. पक्ष्यांत डावी आणि उजवी हासळी खाली एकमेकींना जुळून एकच हाड बनते. विशबोन म्हणजे पक्ष्याच्या जुळलेल्या हासळ्या.

त्या का जुळल्या, हे समजायला पक्ष्याचा अख्खा खांदा पाहावा लागतो. शाळेच्या पुस्तकात उड्डाण म्हटले की पिसे येतात, पोकळ हाडे येतात, पंखाचा वरून फुगीर आकार येतो. ते सगळे बरोबरच आहे. पण पिसे हवा कापतात ती खांद्याच्या जोरावर. पक्ष्याचे उड्डाण समजून घ्यायला सुरुवात खांद्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

पक्ष्याच्या प्रत्येक खांद्यात तीन हाडे एकत्र येतात. मागच्या बाजूने खवाटा येतो, पात्यासारखा लांबट आणि अरुंद. खालून, उरोस्थीवरून, कोरॅकॉइड नावाचे जाडजूड हाड खांद्यापर्यंत उभे राहते. आपल्यात कोरॅकॉइड वेगळे हाड म्हणून उरलेले नाही, खवाट्यावरचा एक उंचवटा तेवढा आहे. आणि पुढून येते विशबोनची एकेक फांदी. पंख खाली मारणारा छातीचा मोठा स्नायू प्रचंड असतो. कबुतराच्या एकूण वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा या एका स्नायूच्या डाव्या-उजव्या जोडीचा असतो. हा स्नायू उरोस्थीच्या उभ्या पडद्यापासून निघून दंडाच्या हाडाला जातो, आणि त्याचे काही तंतू थेट विशबोनवरून आणि विशबोन व कोरॅकॉइड यांच्यामधल्या पडद्यावरून निघतात. एवढा स्नायू आकसला की तो दोन्ही खांद्यांना आत, एकमेकांकडे ओढणार. कोरॅकॉइड तो दाब खाली उरोस्थीवर घेते. विशबोन दोन्ही खांद्यांना जोडून ठेवते आणि त्यांच्यातले अंतर सांभाळते.

पण पंख खाली मारणे हे अर्धेच काम. तो पुन्हा वर उचलायला हवा. आपण हात डोक्यावर नेतो तेव्हा खांद्यावरचा आणि पाठीकडचा स्नायू तो वर ओढतो. पक्ष्यात पंख उचलणारा मुख्य स्नायूसुद्धा छातीतच, मोठ्या स्नायूच्या खाली दडलेला असतो. चिकनच्या ब्रेस्टमध्ये मोठ्या तुकड्याच्या आतून जो वेगळा, लांबट तुकडा सुटून येतो, तोच हा स्नायू. छातीत बसून तो पंख वर कसा ओढतो? विहिरीचा रहाट आठवा: दोर आपण खाली ओढतो आणि बादली वर येते, कारण दोर चाकावरून वळलेला असतो. इथे दोराच्या जागी कंडरा आहे. ती कोरॅकॉइडच्या कडेने वर चढते, खांद्यातल्या एका भोकातून पलीकडे जाते आणि वळून दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने चिकटते. ते भोक बहुतेक पक्ष्यांत तीन हाडांनी मिळून बनते: कोरॅकॉइड, खवाटा आणि विशबोनचे वरचे टोक. या रचनेचा आणखी एक फायदा आहे. उचलणारे आणि मारणारे दोन्ही स्नायू पंखांच्या खाली राहतात, त्यामुळे शरीराचा भार खाली राहतो आणि हवेत तोल सांभाळणे सोपे जाते.

या कंडरेबद्दल एक जुना प्रयोग आहे, तो लक्षात ठेवावा अशी विनंती आहे, कारण शेवटी मला त्याच्याकडे यायचे आहे. १९३६ मध्ये एका जर्मन संशोधकाने कबुतर आणि कावळा यांची ही कंडरा कापून काय होते ते पाहिले. आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणे कठीण आहे आणि मिळू नयेच. पण निष्कर्ष मोलाचा होता. ज्यांची कंडरा कापली होती, त्या पक्ष्यांना हवेत सोडल्यावर उडता येत होते. सपाट जमिनीवरून स्वतःच्या बळावर झेप घेता येत नव्हती. अमेरिकन संशोधकांनी पुढे याच स्नायूवर काम केले. तो पंख नुसता उचलत नाही, दंडाचे हाड स्वतःभोवती फिरवून पंख पुढच्या फटक्यासाठी तयार करतो, हे त्यांनी दाखवले. उभ्या जागेवरून वर उठताना ही गोष्ट अत्यंत निकडीची असते.

विशबोन स्वतः काय करते, याचे प्रत्यक्ष दर्शन १९८८ मध्ये झाले. हार्वर्ड विद्यापीठात फॅरिश जेन्किन्स, केनेथ डायल आणि टेड गोस्लो यांनी युरोपीय स्टार्लिंग पक्ष्याला वाऱ्याच्या बोगद्यात उडायला शिकवले आणि उडता उडता त्याचे क्ष-किरण चित्रीकरण केले, सेकंदाला २०० चित्रे या वेगाने. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा भाऊबंद. हिवाळ्यात सावरी-पळस फुलतात तेव्हा नॅशनल पार्कच्या कडेला ज्या भोरड्यांचे थवे उतरतात, त्याही याच कुळातल्या. चित्रांत दिसले ते असे. पंख खाली मारताना विशबोनची वरची दोन टोके बाहेर फाकतात. विश्रांतीत त्यांच्यामधले अंतर १२.३ मिलिमीटर होते, फटक्याच्या वेळी ते १८.७ मिलिमीटरपर्यंत गेले. म्हणजे जवळपास दीडपट. पंख वर जाताना टोके पुन्हा मिटली. आणि हे सेकंदाला बारा ते सोळा वेळा! ज्या हाडाकडे तोपर्यंत खांद्यांमधला आधार एवढ्याच नजरेने पाहिले जात होते, ते जिवंत पक्ष्यात स्प्रिंग होऊन उघडझाप करत होते. ‘सायन्स’ नियतकालिकात हा निबंध आला तेव्हा त्याच्या शीर्षकातच त्यांनी विशबोनला स्प्रिंग म्हटले.

स्प्रिंग म्हटले की लगेच वाटते, म्हणजे फटक्याची ऊर्जा साठवायची आणि पंख वर नेताना परत द्यायची. पुढच्या काही वर्षांत इतरांनी हाडाचा ताठपणा मोजला आणि हिशेब मांडला. पंख हलवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने हाडात साठणारी ऊर्जा फारच थोडी निघाली. तेव्हा उड्डाणाचा खर्च वाचवणारी स्प्रिंग ही कल्पना मला पटत नाही. पण जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी एक शक्यता तेव्हाच मांडली होती आणि ती मला जास्त जवळची वाटते: श्वासाची.

पक्ष्याची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत-मिटत नाहीत. ती जवळजवळ ताठ असतात, आणि शरीरभर पसरलेले वायुकोश, बहुतेक पक्ष्यांत नऊ, भात्याचे काम करून त्यांतून हवा एकाच दिशेने पुढे ढकलत राहतात. त्यांतला एक मोठा वायुकोश नेमका विशबोनच्या दोन फांद्यांच्या मध्ये आणि मागे असतो. फांद्या फाकल्या, उरोस्थी हलली, की त्या कोशावरचा दाब बदलणार. १९९७ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी मॅगपाय पक्ष्यांत उडताना वायुकोशांमधला दाब मोजला. पंखांच्या प्रत्येक फडफडीबरोबर तो बदलत होता. एका श्वासात अनेक फडफडी होतात, त्यामुळे दोन्हींचा ताल एकच नसतो. तरी फडफडीमुळे फुप्फुसांतली हवा खेळती राहायला मदत होते, हे पटण्याजोगे आहे. दम न लागता मैलोन्‌मैल उडणाऱ्या जिवाच्या बाबतीत ही मदत लहान म्हणता येणार नाही.

आणि इथे थांबून मी असे म्हणेन की विशबोन कशासाठी, या प्रश्नाला एकच उत्तर शोधणे चूक आहे. प्रत्येक पक्ष्याने त्याला आपापल्या जगण्याप्रमाणे घडवले आहे. घार घ्या. आपल्या उपनगरांच्या आकाशात घार रोज दिसते, पंख न हलवता गोल गोल तरंगत. तिच्यासारख्या घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांत विशबोन रुंद, जाड आणि इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे असते, पसरलेले पंख तासन्‌तास ताणून धरायला खांदे घट्ट लागतात. राणीच्या बागेत २०१७ पासून लोकांना पाहता येणारे हम्बोल्ट पेंग्विन हवेत उडत नाहीत, पण पाण्याखाली पंखांनीच पोहतात. पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट, त्यामुळे पंख वर नेतानाही पाण्याशी झगडावे लागते. म्हणून त्यांचा पंख उचलणारा स्नायू मोठा असतो आणि विशबोन ‘व्ही’कडे झुकलेले. गव्हाणी घुबडात विशबोनचे खालचे टोक उरोस्थीलाच जुळून गेलेले असते. इमारतींच्या पोकळ्यांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांत राहणाऱ्या या घुबडाला इतर घुबडांपासून वेगळे ओळखायची ही एक शास्त्रीय खूण आहे. पावसाळी वादळात कोकणच्या किनाऱ्यावर भरकटून येणाऱ्या फ्रिगेट पक्ष्यात विशबोन उरोस्थी आणि कोरॅकॉइड दोघांनाही चिकटून अख्खा एक सांगाडाच बनतो. तिथे उघडझाप होणारी स्प्रिंग नाही. समुद्रावर दिवसचे दिवस तरंगणाऱ्याला ती नकोच आहे. उलट पोपटांच्या काही जातींत हे हाड अगदी बारीक, न जुळलेले, किंवा नाहीच. तरी ते उत्तम उडतात. शहामृगाला विशबोन नाही, आणि त्याला उडायचेही नाही. एकाच हाडाचा इतका वेगवेगळा वापर पाहिला की निसर्गाबद्दल आदर वाढतो, आणि कुठल्याही अवयवाबद्दल ‘याचा उपयोग अमुक’ असे एका ओळीत लिहिण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.

आता थोडे मागे जाऊ, फार मागे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. भवन्स कॉलेजच्या बाजूने जाताना इमारतींच्या मधून बेसाल्टचे उभे खांब दिसतात, सुमारे ६० मीटर उंच, वर गावदेवीचे मंदिर. हा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, डायनोसॉर संपले त्या काळाच्या आसपासचा. त्याच ज्वालामुखी युगात वरळीच्या भागात उथळ पाणथळी होत्या आणि त्यांत बेडूक राहत होते. त्यांचे जीवाश्म सापडले तेव्हा १८४७ मध्ये त्यांचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनोसॉर हे नाव देणारे तेच ओवेन. पुढे १८६१ मध्ये जर्मनीतल्या चुनखडीत आर्किऑप्टेरिक्स सापडला, पिसे असलेला, पण दात आणि लांब हाडाची शेपटीही असलेला, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने तो घेतला आणि १८६३ मध्ये त्याचे वर्णनही ओवेन यांनीच लिहिले. त्याच्या छातीपुढे एक भक्कम, वाकडे विशबोन होते. टॉमस हक्सले यांनी १८६८ मध्ये त्या सांगाड्याची फेरतपासणी केली, ओवेन यांनी त्याची बाजू उलट धरली होती हे दाखवून दिले, आणि त्याच काळात पक्षी आणि डायनोसॉर यांचे नाते उघडपणे मांडायला सुरुवात केली.

इतके झाल्यावर गोष्ट सरळ पुढे जायला हवी होती. ती गेली नाही, आणि अडथळा हे हाडच ठरले. डेन्मार्कचे गेरहार्ड हाइलमान हे उत्तम चित्रकार आणि तितकेच चिकाटीचे अभ्यासक. पक्ष्यांच्या उगमावरचे त्यांचे पुस्तक १९२६ मध्ये इंग्रजीत आले. छोटे मांसाहारी डायनोसॉर पक्ष्यांसारखे किती आहेत, हे त्यांनी पानोपानी दाखवले. पण शेवटी त्यांनी निकाल उलटा दिला. डायनोसॉरना हासळ्या नव्हत्या, उत्क्रांतीत गमावलेले हाड पुन्हा येत नाही, म्हणून पक्षी डायनोसॉरपासून आलेले असू शकत नाहीत. तर्क चोख होता. आधारच कच्चा होता. मंगोलियात सापडलेल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरचे वर्णन १९२४ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि त्याच्या चित्रात विशबोन स्पष्ट होते, फक्त त्याला दुसऱ्याच हाडाचे नाव दिलेले होते. ते विशबोनच आहे हे मंगोलियाचे शास्त्रज्ञ बार्सबोल्ड यांनी १९८३ मध्ये ओळखले. मधली जवळपास साठ वर्षे पुष्कळ विद्वान हाइलमान यांच्या निकालावर विसंबून राहिले. नंतर मात्र शोधांची रांगच लागली. १९९६ मध्ये अॅलोसॉरसचे, १९९७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरचे, १९९८ मध्ये टिरॅनोसॉर कुळातल्यांचे विशबोन जाहीर झाले. वीस कोटी वर्षांपूर्वीच्या सीलोफायसिसमध्येही ते निघाले.

एखादी गोष्ट सापडली नाही म्हणजे ती नव्हतीच, असे मानणे किती महाग पडते याचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. विशबोन नाजूक, मातीत दबताना ते मोडते, निसटते, आणि सापडले तरी बरगडीचा तुकडा म्हणून बाजूला पडते. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. विशबोन पंखांहून कोट्यवधी वर्षे जुने आहे. ज्या जनावराने कधी हवेत पाय उचलला नाही, त्याच्या छातीपुढेही ते होते, बहुधा भक्ष्य धरणाऱ्या पुढच्या पायांमागे छाती घट्ट ठेवायला. उड्डाण आले तेव्हा ते तयार होते. पक्ष्यांनी त्याला नव्या कामांना लावले.

आपल्या मुंबईत पक्ष्यांचा अभ्यास म्हटले की १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि सलीम अलींचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये पक्ष्यांचे हजारो नमुने जपलेले आहेत. पण असे नमुने तयार करताना कातडी पिसांसकट ठेवतात, कवटी आणि पाय-पंखांची हाडे ठेवतात, धड काढून टाकतात. धडाबरोबर विशबोनही जाते. रंग, चोच, पंखाची लांबी यांसाठी असा संग्रह अमूल्य आहे. खांद्यासाठी सांगाडे वेगळे जपावे लागतात. आपल्याकडे पक्षिनिरीक्षण घराघरांत पोचले, मुलांच्या हातात दुर्बिणी आणि कॅमेरे आले, भांडुप पंपिंग स्टेशनला रविवारी पहाटे गर्दी होते. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पक्ष्याच्या आत काय आहे याचे शिक्षण मागे पडले. महाविद्यालयांत प्राण्यांचे विच्छेदन बंद झाले. ते बंद व्हायलाच हवे होते. त्याच्या जागी नैसर्गिकरीत्या मेलेल्या पक्ष्यांचे सांगाडे, कायदेशीर परवानगीने, शाळा-महाविद्यालयांत यावेत अशी माझी मागणी आहे. आणि कोंबडीचा सांगाडा तर घरच्या स्वयंपाकातूनच मिळतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळे मी मुलुंडमध्ये का सांगते आहे? कारण उपनगरांतले पक्षी खांद्यावरच मार खातात. पश्चिमेला बोरिवलीपासून पूर्वेला मुलुंडपर्यंत नॅशनल पार्कचे डोंगर आहेत, पूर्वेला ठाण्याची खाडी, तिचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ ठरला. मधे आपल्या काचेच्या इमारती, विमानांच्या वाटा आणि वर्षातून काही दिवस आकाशभर मांजा. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पंतनगर भागात रात्री विमानाला धडकून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मरून पडले, ते तुम्ही विसरला नसाल. अशी मोठी दुर्घटना बातमी होते. काचेवर आपटून पडणारी एकेक साळुंकी, एकेक तांबट बातमी होत नाही.

काचेवर पक्षी समोरून, वेगात आपटतो. चोच आणि डोके सांभाळले गेले तरी धक्का खांद्यावर येतो. कोरॅकॉइड मोडते, कधी विशबोनही. बाहेरून रक्त नसते, पंखाचे हाड तुटलेले दिसत नाही. पक्षी नुसता बसून राहतो, एक पंख किंचित ओघळलेला, आणि पंख खांद्याच्या वर नेता येत नाही. मी ज्या रहाटाबद्दल बोलले, त्याचा खांबच मोडलेला असतो. मांजाची जखम वेगळी. पक्ष्याच्या पंखाची पुढची कड पाहिली तर खांद्यापासून मनगटापर्यंत त्वचेचा एक ताणलेला पदर असतो. त्याच्या कडेतून एक बारीक कंडरा जाते, आणि तिचा स्नायू विशबोनच्या वरच्या टोकापासून निघतो. पंख उघडला की ही कंडरा तो पदर ताणून धरते; तो ताणला नाही तर पंखाला आकारच येत नाही. उडत्या पक्ष्याला मांजा लागतो तो नेमका या पुढच्या कडेवर. पक्षी सुटायला धडपडतो तसा दोर आत आत कापत जातो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तरी संक्रांतीच्या आठवड्यात बोरिवली, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड इथे स्वयंसेवकांना शिबिरे लावावी लागतात, आणि खोक्यांतून घारी, कबुतरे, बगळे, घुबडे येत राहतात. ही तरुण मुले स्वतःचा सण सोडून संध्याकाळपर्यंत धावत असतात. त्यांचे ऋण या शहराने मानले पाहिजे.

आता तो १९३६ चा प्रयोग आठवा. जखमी पक्षी सापडला की आपल्याकडे सर्रास एक गोष्ट केली जाते. थोडे पाणी शिंपडायचे, पक्षी हातात घ्यायचा आणि गच्चीवरून किंवा गॅलरीतून हवेत उडवून पाहायचा. थोडे अंतर तो उडतो आणि आपण म्हणतो, बरा झाला, गेला. पण उचलणारी कंडरा कामातून गेलेला पक्षीसुद्धा हवेत सोडल्यावर उडू शकतो. तो उतरेल, आणि जिथे उतरेल तिथून पुन्हा उठू शकणार नाही. पलीकडच्या कंपाउंडमध्ये मांजर त्याला गाठेल, किंवा तो उपाशी मरेल. आपल्याला ते दिसत नाही एवढेच. आणि अर्धवट मोडलेले कोरॅकॉइड अशा उडवण्याने पूर्ण मोडते. वेळीच बांधून, पिंजऱ्यात विश्रांती दिली तर यातले पुष्कळ खांदे भरून येतात, असा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांचा अनुभव आहे. आपल्या घाईने ती संधी हातची जाते.

तेव्हा सरांच्या विद्यार्थ्यांना, आणि तुम्हा सर्वांना, माझी विनंती आहे. दोराच्या रिळावर ‘नायलॉन’ लिहिलेले नसले तरी दोर तोडून पाहा. हाताने तुटत नसेल तर तो घरात आणू नका. पतंग सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा उडवू नका, त्या वेळी पक्षी घरट्यांतून निघतात आणि परततात. झाडात अडकलेला मांजा दिसला तर सोसायटीच्या माळ्याकडून काढून घ्या. आणि जखमी पक्षी सापडला तर भोके पाडलेल्या खोक्यात सुती फडके अंथरून त्याला अलगद ठेवा, खोके बंद करून अंधाऱ्या, शांत जागी न्या, चोचीत पाणी ओतू नका, पंख दोऱ्याने बांधू नका, मांजा गुंतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या पशुवैद्याकडे न्या. हवेत उडवून मात्र पाहू नका.